खोटा डिपर

त्या उन्हाळ्यात घरामागची विहीर आटली आणि म्हशींना पाण्यासाठी रस्ता ओलांडून कालव्यावर न्यायची पाळी आली. विहिरीने याआधीही दगा दिला होता, पण तेव्हाचा रस्ता वेगळा होता. त्या रस्त्यावर म्हैस फतकल मारून बसली तर गाडीवालाच खाली उतरून तिची विनवणी करायचा. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला, काळाकुळकुळीत झाला, मधोमध पांढरे पट्टे आले आणि गाड्यांना पंख फुटले. रस्ता चांगला झाला म्हणून सगळ्यांना आनंद झाला. त्या आनंदात बाणही होता.

बाण हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो दुधाची गाडी चालवायचा. सकाळी उतारावरून रिकामी गाडी घेऊन खालच्या वस्त्यांवर जायचं, दारोदारचे कॅन भरून घ्यायचे, परत चढ चढून घरावरून पुढे डेअरी गाठायची, आणि हे सगळं ऊन तापायच्या आत. दुधाला सबब सांगून भागत नाही. उशीर झाला की ते नासतं आणि ज्याचं नासलं तो गाडीवाल्याच्या नावाने खडे फोडतो. म्हणून हा गाडी सुसाट पळवायचा, आणि म्हणून लोकांनी बाण हे नाव चिकटवलं. त्याला ते आवडायचं, पण तसं तो दाखवायचा नाही.

घर नेमकं वळणावर. डेअरीच्या बाजूने रस्ता लांबच्या लांब सरळ यायचा, घराशी एकदम वळायचा आणि वळण संपलं की उतार. उताराकडून येणाऱ्या गाड्या चढ चढून धापा टाकत यायच्या, त्यांचं भय नव्हतं. भय होतं सरळ रस्त्याने येणाऱ्यांचं. त्यांना वळणाच्या पलीकडचं काही दिसत नसे, आणि वळणाच्या पलीकडे आबा असायचे.

आबा म्हणजे बाणाचे वडील. उजवा गुडघा वाकत नव्हता, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, पण म्हशी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. थोरली म्हैस पुढे, तिच्या दाव्याचे दोन वेढे आपल्या मनगटाला, बाकीच्या थोरलीच्या मागे. थोरली चालली की सगळ्या चालायच्या, थोरली थांबली की आबांसकट सगळं बिऱ्हाड रस्त्याच्या मधोमध थांबायचं. गरम डांबरावर पाय ठेवायला तिला आवडायचं नाही. ती खुराने चाचपून बघायची, फुस्स करायची, मागे सरायची. माणूस ओढून ओढून किती ओढणार?

"आबा, दावं मनगटाला गुंडाळू नका," सून, म्हणजे बाणाची बायको, रोज सांगायची. "जनावर बिथरलं तर हात जाईल."

"नुसतं धरलं तर सुटतं," आबा म्हणायचे. "बोटांत आता जोर आहे कुठे?"

मग सून स्वतः वळणाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, हातात लाल ओढणी. येणाऱ्या गाडीला ओढणी दाखवायची. काही गाडीवाले हळू व्हायचे. काहींना वाटायचं, बाईला बस हवी आहे. एकाने जाता जाता काच खाली करून विचारलं होतं, "कुठे सोडू?" आणि दात काढत निघून गेला होता.

एके सकाळी एक पांढरी गाडी ओढणीला न जुमानता वळणात शिरली. ब्रेकचा आवाज आबांना एकाच कानाने ऐकू आला, त्यामुळे तो कुठून आला हे त्यांना कळलं नाही. ते उलट्या बाजूला बघत राहिले. गाडी थोरलीच्या शेपटीला वारा घालून मातीत उतरली आणि थांबली. आतून इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस उतरला. भ्यालेला माणूस ओरडतो, तसा तो ओरडला.

"मरायचं असेल तर घरी मर ना! दुसऱ्याच्या गळ्यात कशाला पडतोस?"

आबांना शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. त्यांनी दावं सोडवून दोन्ही हात जोडले. चूक कोणाची हे त्यांनी पाहिलंच नाही. सून ओढणी हातात घेऊन धावत आली, तोवर गाडी निघून गेली होती. हात जोडलेले आबा तिने पाहिले आणि ते तिच्या मनाला फार लागलं. संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, पण हात जोडल्याचं सांगितलं नाही.

उतारावर, निलगिरीच्या झाडांच्या आड, पोलिसांची जीप उभी राहायला लागली ती त्याच सुमारास. तीन पायांवर उभं केलेलं यंत्र, खुर्चीवर एक हवालदार, झाडाला टांगलेली पाण्याची पिशवी. उताराच्या सुरुवातीला वेगाची पाटी होती. ती अशी ठेवलेली की वाचेपर्यंत गाडी आपोआप पाटीवरच्या आकड्याच्या वर गेलेली असायची. तिथे कधी कोणाला खरचटल्याचंही कोणाच्या आठवणीत नव्हतं. चहाच्या टपरीवर तर यावर एकमत होतं.

"रस्त्याचा खर्च वसूल करतायत," एक म्हणाला.

"खर्च कसला? साहेबांच्या नव्या खुर्च्या येतायत," दुसरा म्हणाला.

"काही म्हणा, मासा कुठे लागतो ते बगळ्याला बरोबर कळतं," बसचा ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणायचे. पण हाच मामा त्या उतारावर बस जरा जपून घ्यायला लागला होता.

बाण सापडला तो सकाळी, रिकामी गाडी घेऊन खाली जाताना. हवालदार खुर्चीवरून न उठताच हात दाखवायचा. अंगाने भारी, मानेवर घामोळं, टोपी मांडीवर. त्याने यंत्रातला आकडा दाखवला. बाणाने तो पाहिल्यासारखं केलं.

"साहेब, खाली कॅन उन्हात पडलेत. पावती फाडायची तर फाडा, पण लवकर फाडा."

"घाई नडली म्हणून तर थांबवलंय. अजून घाईच का?" हवालदाराने वही मांडीवर घेतली. पुढे दोन गाड्या होत्या. त्यांच्या पावत्या होईपर्यंत बाण उन्हात उभा राहिला. सावलीत हवालदाराची खुर्ची होती आणि तिच्या शेजारी उभं राहायला त्याला लाज वाटत होती.

त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, एक सांगू? तुम्ही इथे बसता त्यापेक्षा वर आमच्या वळणावर बसा. तिथे माणसं रस्ता ओलांडतात. माझा म्हातारा बाप म्हशी घेऊन ओलांडतो. इथे कोण ओलांडतंय? खारी?"

हवालदार हसला. वाईट माणूस नव्हता तो. "वळणावर यंत्र चालत नाही. त्याला सरळ रस्ता लागतो, लांबून गाडी दिसावी लागते. आणि तिथे सावली कुठाय?"

"यंत्र नको. नुसते उभे राहा."

"नुसतं उभं राहायचा पगार नाही मिळत रे. वर कागदावर काहीतरी दाखवावं लागतं." त्याने पावती फाडून हातात दिली. मग जरा विचार करून विचारलं, "तुमच्या वळणावर अपघात झालाय का कधी?"

"नाही अजून."

"मग झाला की अर्ज दे. त्याशिवाय जागा बदलत नाही."

हे तो चेष्टेने बोलला नाही. रीत अशी होती आणि त्याने ती सांगितली. बाणाने पावती खिशात कोंबली आणि शिव्या गाडी सुरू झाल्यावर दिल्या.

त्या दिवशी डेअरीत एक कॅन परत आला. लॅबमधल्या माणसाने झाकण उघडून नुसतं नाक जवळ नेलं आणि मान हलवली. ते दूध एका विधवा बाईचं होतं. खालच्या वस्तीवर तिची एकच म्हैस होती. संध्याकाळी बाणाने तिच्या दारात रिकामा कॅन ठेवला. ती काही बोलली नाही. कॅन उलटा करून तिने धुवायला घेतला, आणि बाणाने तिथून काढता पाय घेतला.

घरी आल्यावर तो पोलिसांवर घसरला. लुटारू आहेत, सरकारी दरोडा आहे, असं बरंच बोलला. आबा जेवत होते, ते ऐकू न येणारा कान त्याच्याकडे करून जेवत राहिले. बायको भांडी घासत होती. तिने मध्येच विचारलं,

"आज पोलिस सकाळपासून होते का उतारावर?"

"होते की. मला नागवलं ना."

"तरीच." तिने हात थांबवला. "आज गाड्या शहाण्यासारख्या येत होत्या वळणावर. सगळ्या. मी ओढणी खाली केली तरी हळू. म्हटलं, आज या लोकांना झालंय काय?"

मग बाणाच्या लक्षात आलं. उताराकडून वर येणारा प्रत्येक गाडीवाला समोरच्याला डिपर देत होता. दिवसाढवळ्या हेडलाइट दोनदा उघडमीट केली की रस्त्यावरच्या कोणालाही कळतं, पुढे पोलिस आहेत, सांभाळ. हा ड्रायव्हर लोकांचा शेजारधर्म. ज्याला डिपर मिळाला तो पाय उचलायचा, आणि उताराच्या आधी तर वळण होतं.

"म्हणजे पोलिस तिकडे, धाक इकडे," तो म्हणाला.

"धाक कुठला असेना," बायको म्हणाली. "आबा आज दोन्ही वेळा नीट गेले."

दुसऱ्या दिवशी पोलिस नव्हते. बाण भरलेली गाडी घेऊन चढ चढला, घरापाशी येताच नेहमीसारखा हॉर्न वाजवला. हा हॉर्न आबांसाठी असायचा, खुणेचा, चांगल्या कानाला ऐकू जाईल असा लांबलचक. आबा म्हशी बाहेर काढायला लागले. बाण वळण घेऊन सरळ रस्त्याला लागला. समोरून एक लाल गाडी येत होती. त्याचा हात आपोआप दिव्याच्या खटक्यावर गेला. दोनदा उघडमीट. लाल गाडीचा वेग गपकन उतरला, आणि जाता जाता आतल्या माणसाने हात वर करून आभार मानले.

बाणाला हसू आलं. मग पुढच्याला, त्याच्या पुढच्याला, ट्रकला, बसला. सगळे हळू झाले. सगळ्यांनी हात केला. चोराला चोर भेटल्यासारखी माणसं खूश होत होती.

असे बरेच दिवस गेले. आबा आरामात रस्ता ओलांडायला लागले. थोरली मधोमध उभी राहून डांबराचा वास घ्यायची आणि गाड्या मागे रांगेत उभ्या राहायच्या. पोलिस जवळच आहेत म्हटल्यावर हॉर्न वाजवायलाही कचरायच्या. एकदा एका गाडीवाल्याने खाली उतरून म्हशींना हुर्र केलं आणि आबांना विचारलं, "काका, पुढे किती पोलिस आहेत हो?" आबांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "दोन गाभण आहेत." हा किस्सा सुनेने घरात रंगवून सांगितला आणि पाणी आटल्यापासून पहिल्यांदा त्या घरात सगळे मिळून हसले.

बायकोने ओढणी पुन्हा डोक्याला बांधली. तिने नवऱ्याला एकदाच विचारलं, "खोटं कळलं लोकांना तर?"

"कळलं तर कळलं. सावकाश गेल्याने कोणी मेलाय का?"

टपरीवर मात्र पोलिसांचा उद्धार वाढला. डिपर तर रोज मिळतो आणि जीप कधीमधीच दिसते, याचा अर्थ लोकांनी असा काढला की पोलिस आता झाडावर बसतात. कोणी म्हणालं, नवीन यंत्र आलंय, ते शेतातून मोजतं. मामा म्हणाला, "लोकांच्या खिशासाठी किती ही अक्कल! चोर पकडायला लावली असती तर?" बाण चहा फुंकत बसला होता. त्याने गंभीर तोंड करून मान डोलावली.

त्याच्याकडे एकटा ट्रॅक्टरवाला टक लावून बघत होता. हा डेअरीकडच्या पुलाजवळचा माणूस, बोलायला कमी, बघायला जास्त. सगळे उठल्यावर तो बाणाच्या शेजारी येऊन बसला.

"काल मी तुझ्या मागेच होतो," तो म्हणाला. "तू ज्याला त्याला डिपर देत होतास. उतारावर कुत्रंसुद्धा नव्हतं."

बाणाने रिकामा कप पायाशी ठेवला.

"मी कोणाला सांगणार नाही." ट्रॅक्टरवाल्याने बशी बाजूला ठेवली. "माझंही घर रस्त्याला लागूनच आहे. बायको गाईला पुलापलीकडे चारायला नेते. पूल उंच, त्यामुळे पलीकडचं दिसत नाही."

एवढंच बोलून तो उठला. पुढच्या आठवड्यात पुलाच्या अलीकडेही डिपर मिळायला लागले. नंतर शाळेजवळ. नंतर जिथे रस्त्याला लागून खेळायचं मैदान होतं तिथे. ट्रॅक्टरवाल्याने कोणाला सांगितलं नसेल, पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. ज्याच्या दारात रस्ता होता त्याला त्या आपसूक सुचल्या. सगळा रस्ता दिवसाढवळ्या डोळे मिचकावत होता.

एक दिवस भरलेली गाडी घेऊन चढ चढताना हवालदाराने बाणाला पुन्हा थांबवलं. या वेळी यंत्राकडे बोट न दाखवता त्याने खुर्चीवरून उठून गाडीच्या खिडकीवर हात ठेवला.

"डिपरचं कारस्थान तुझं का?"

"कसलं कारस्थान साहेब?"

"बस कर. मी इथे सकाळपासून बसलोय. एक गाडी वर जात नाही आकड्याच्या. म्हाताऱ्या बायका देवाला निघाल्यासारखी सगळी वाहतूक चाललीय."

"मग बरंच झालं की साहेब. लोक हळू जायला लागले. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

हवालदाराने टोपीने मानेवरचा घाम पुसला. "मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला. "काल साहेबांनी बोलावून झाडलं. म्हणाले, पुस्तक कोरं कसं? म्हटलं, साहेब, गाड्या हळू जातायत. तर म्हणाले, मग तू तिथे काय करतोयस?" तो हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "पकडलेल्या गाड्यांचा हिशोब असतो रे. हळू गेलेल्या गाड्यांचा हिशोब कोणी विचारत नाही."

बाणाला त्याची कीव आली. पोलिसाची कीव येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने कॅनच्या झाकणातून थोडं दूध पुढे केलं. हवालदार ते उभ्या उभ्या प्यायला आणि मिशी पुसून म्हणाला, "उद्यापासून इथे नसेन. दुसऱ्या रस्त्यावर टाकलंय. पण माझं एक ऐक. माणूस मरणाला भीत नाही, पावतीला भितो. आणि पावती नुसती दिव्याने फाटत नाही. कधीतरी खरीखुरी फाटावी लागते."

बाणाने हे ऐकलं आणि सोडून दिलं.

जीप गेली. ती गेल्याचं लोकांना कळायला वेळ लागला, पण कळलं. आधी हात वर होणं बंद झालं. मग काही गाडीवाले डिपरला डिपर देऊन डोळा मारायचे. मग मामाची बस एके दिवशी डिपर मिळूनही तशीच वळणात शिरली. आबा नशिबाने अजून गोठ्यातच होते. संध्याकाळी बायकोने खुंटीवरची लाल ओढणी काढली आणि झटकली.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी ऊन सकाळपासूनच चावत होतं. खालच्या वस्तीवर उशीर झाला होता, कारण त्या विधवेची म्हैस पान्हा चोरत होती आणि बाण तिच्यासाठी थांबला होता. मागच्या खेपेचं त्याच्या मनात होतं. तिचा कॅन त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून केबिनमध्ये आपल्या शेजारी ठेवला. घरापाशी हॉर्न दिला, समोरून आलेल्या दोन गाड्यांना डिपर दिला, त्यातली एक हळू झाली, आणि तो सरळ रस्त्याला लागला. मधून मधून तो गोणपाटावर हात ठेवून बघत होता. गोणपाट वाळत चाललं होतं.

पुलाच्या अलीकडे समोरून ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्याने दिवे उघडमीट केले. दोनदा, मग पुन्हा दोनदा.

बाणाला हसू आलं. माझाच माल मला विकतोस होय, असं त्याच्या मनात आलं. पूल मोकळा आहे, पलीकडे पोलिस नाहीत, या रस्त्यावर कुठेच पोलिस नाहीत, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? त्याने पाय उचलला नाही. ट्रॅक्टरवाला जाता जाता काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते बुडालं.

गाडी पुलाच्या कण्यावर चढली आणि पलीकडचं दिसलं. गाय रस्त्याच्या मधोमध होती. तिच्या पुढे एक बाई, पाठमोरी, दावं मनगटाला गुंडाळलेलं.

त्याने ब्रेक दाबला. मागचे कॅन एकमेकांवर आदळत पुढे आले, केबिनच्या पाठीला धडका बसल्या, शेजारचा कॅन त्याच्या गुडघ्यावर आपटून उलटला. गाडी फरपटत गेली. गाईला धक्का बसला तो कडेने, पण ती उडून खड्ड्याकडे गेली आणि जाताना बाईला बरोबर घेऊन गेली. बाईचं ओरडणं गाय थांबल्यावर ऐकू आलं.

बाण खाली उतरला. त्याची विजार दुधाने भिजली होती आणि चिकटत होती. गाय खड्ड्याच्या काठावर आडवी होती, पोट वर-खाली होत होतं. बाईचा हात मनगटाशी भलतीकडे वळलेला आणि दावं मांसात रुतलेलं. तो गुडघ्यावर बसून गाठ सोडवायला लागला. गाठ घट्ट झाली होती. गाय पाय झाडायची आणि प्रत्येक झटक्याला बाई किंचाळायची. त्याने दात लावून दावं तोडायचा प्रयत्न केला. शेवटी ट्रॅक्टरवाला विळा घेऊन धावत आला आणि त्याने ते कापलं.

दोघांनी मिळून तिला पुलाच्या कठड्याला टेकवलं. तिने हात पोटाशी धरला आणि गाईकडे बघत राहिली. गाईचं पोट हलायचं थांबलं तेव्हा ती रडायला लागली.

ट्रॅक्टरवाला बाणाकडे वळला. त्याने हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही.

"मी डिपर दिला होता."

"दिसला मला."

"मग?"

खोटं बोलायला बाणाला काहीच सुचलं नाही. "वाटलं, पोलिस नसतील."

"पोलिस नव्हतेच," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "ती होती."

येणाऱ्या गाड्या थांबल्या. कोणीतरी बाईला दवाखान्यात नेलं. ट्रॅक्टरवाला तिच्याबरोबर गेला. गाडीच्या मागून दूध रस्त्यावर गळत होतं आणि तापलेल्या डांबरावर त्याचा वास सुटला होता. थांबलेल्यांतला एक माणूस बाणाला म्हणाला, "या रस्त्यावर पोलिसांनी बसायला पाहिजे. पैसे खायला बरोबर बसतात."

पंचनाम्याला तोच हवालदार आला. त्याने टेप घेऊन टायरच्या खुणा मोजल्या, गाईभोवती खडूने रेघ काढली. मग कठड्यावर बसून वही उघडली.

"वेग किती होता?"

"मला काय विचारता? तुमचं यंत्र कुठाय?"

"यंत्र नव्हतं म्हणून तर विचारतोय. तू सांगशील तो लिहितो."

कमी सांगता आला असता. हवालदाराने पेन उचलून धरलं होतं, ते त्यासाठीच असावं. बाणाने होता तेवढा सांगितला. हवालदाराने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिला.

गाडी चौकीवर गेली. बाईचा हात वाचला, पण मनगट आता सरळ होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. विधवेचा कॅन बाणाने चालत नेऊन दिला. या वेळी ती बोलली. "तुला तर लागलं नाही ना?" म्हणाली. त्याला ते शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

काही दिवसांनी पुलाजवळ पोलिसांची जीप उभी राहिली. यंत्र नव्हतं, कारण पुलावर ते चालत नाही. नुसता हवालदार होता, डोक्यावर छत्री बांधून खुर्चीवर बसलेला. जवळच नवी पाटी लागली, रस्त्यावर उंचवटे आले. ट्रॅक्टरवाल्याची बायको गळ्यात हात अडकवून दारात बसायची. तिच्या दारावरून गाड्या आता माणसाच्या चालीने जायच्या. ओलांडायला तिच्याकडे गाय नव्हती.

बाणाकडे गाडी नव्हती, त्यामुळे सकाळी तो घरीच असायचा. आबांनी म्हशी सोडल्या. तो रस्त्यावर आला, वळणाच्या तोंडाशी. बायकोने ओढणी त्याच्या हातात दिली आणि ती म्हशींच्या मागच्या अंगाला गेली. सरळ रस्त्यावर लांब एक गाडी दिसत होती. तिच्या समोरून मामाची बस चालली होती. मामाने तिला डिपर दिला. पुलाजवळच्या प्रसंगापासून मामा तो न चुकता द्यायचा. गाडी हळू झाली नाही.

"थांबा!" बाण ओरडला आणि मागे धावला. आबांनी एक पाय डांबरावर ठेवला होता. त्याने त्यांना दंडाला धरून मागे घेतलं. गाडी वळणातून सणकन गेली, तिच्या वाऱ्याने आबांचं धोतर फडफडलं, थोरलीने फुस्स केलं.

बाणाने आबांचं मनगट हातात घेतलं आणि दाव्याचे वेढे सोडवले. मनगटावर जुना, गुळगुळीत वळ होता. आबांनी हात मागे घेतला नाही.

बायको थोरलीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिने उताराकडे पाहिलं. निलगिरीखाली कोणी नव्हतं. "पुलाकडे बसवले पोलिस," ती म्हणाली. "आपल्याकडे कधी बसवणार?"

हे आबांना ऐकू गेलं.

"आपल्याकडे अजून काही झालं नाही ना, पोरी," ते म्हणाले, आणि सुटं दावं दोन्ही हातांत धरून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभे राहिले.